वागूळ

आमच्या गावच्या घरी ओटीच्या खांबाला एक सुंभाची दोरी बांधलेली असायची. तिचं दुसरं टोक परसातल्या चिकूत गेलेलं. तिथे फांदीला रॉकेलचा रिकामा डबा, डब्यात दोन धोंडे. रात्री झाडात कुणी घोंगडी झटकल्यासारखा आवाज झाला की आजोबा झोपेतच हात लांब करून दोरी ओढायचे. खडाडखड. झाडातून चार-पाच वाघळं उठायची, माडांवरून एक फेरी मारायची आणि परत तिथेच येऊन बसायची. आजोबा परत ओढायचे. हे पहाटेपर्यंत चाले. पुढे पुढे डब्याची सवय वाघळांनाही झाली आणि आम्हालाही. एखाद्या रात्री डबा वाजला नाही तर मात्र आजी उठून बसायची, ‘हे बरे आहेत ना’ म्हणून.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी मी मॉरिशसला भाचीकडे गेले होते. पहिल्याच रात्री त्या आवाजाने जागी झाले. घोंगडी झटकल्याचा आवाज, मग चिरकं भांडण, मग टप टप काहीतरी पडणं. अर्धवट झोपेत माझा हात खांब शोधायला गेला आणि भिंतीवर आपटला.

भाची वाक्वा गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालक मूळचे आपल्याकडचेच. पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यात राबायला आलेले. आडनाव अस्सल कोकणी, पण फ्रेंच वळणाने लिहिलेलं, त्यामुळे दारावरची पाटी मला पहिल्या दिवशी वाचताच आली नाही. घरात बोलणं सगळं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत. दारात तुळस, देव्हाऱ्यात गणपती. गणेश चतुर्थीला तिथे अख्ख्या देशाला सुट्टी असते हे मालकांनी मला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तरी मी पहिल्यासारखंच कौतुक केलं असतं.

सकाळी खाली उतरले तर अंगणात लिचीच्या सालींचा सडा. मधूनमधून बिया आणि सुपारीएवढे पांढरट चोथे. मालक कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत होते. ‘सोव्हसुरी!’ ते म्हणाले. क्रिओलमधलं वटवाघूळ. मागे त्यांच्या आई उभ्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी काठीने एक चोथा उलटवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘वागूळ.’

वाघूळ नाही, वटवाघूळ तर नाहीच. वागूळ. आमच्या आजीचा उच्चार. त्यानंतर मी त्यांच्याशी मराठीत बोलायचा पुष्कळ प्रयत्न केला; देवाची काही नावं, दोन-चार नाती आणि भात, यापलीकडे गाडी गेली नाही. म्हणजे बोटीतून जे शब्द आले, त्यातले बरेच वाटेत किंवा उसात गळून पडले आणि हा एक राहिला. भाषेत काय टिकावं याला काही नियम नाही असं दिसतं. किंवा असेल, आणि तो रात्री झाडाशी जागणाऱ्यांनी ठरवलेला असेल.

‘तुमच्याकडे आंब्याचं नुकसान करतात ना? मग तुम्ही काय करता?’ मालकांनी विचारलं. मी डब्याची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. मग म्हणाले, ‘इथे सरकारने बंदुका पाठवल्या.’

खरंच पाठवल्या. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये मॉरिशसच्या संसदेने जैवविविधतेचा एक नवा कायदा केला आणि त्यात संरक्षित प्राणीही मारायची वाट मोकळी ठेवली. त्या हंगामात तिथल्या फळखाऊ वटवाघळांपैकी ३० हजारांहून अधिक मारली गेली. पुढच्या वर्षी आणखी सात हजारांच्या वर. २०१८ साली पुन्हा १३ हजारांचं उद्दिष्ट. मुळात किती होती, यावर सरकार आणि संवर्धनवाले यांचे आकडे कधीच जुळले नाहीत. सरकार ९० हजार म्हणत होतं, ते लोक त्याहून पुष्कळ कमी. २०१८मध्ये संकटातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत या जातीची पायरी आणखी घसरली आणि ती ‘धोक्यात’ या वर्गात गेली. आणि बागायतदारांची तक्रार? ती थांबली असती तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बंदुका काढाव्या लागल्या नसत्या.

आता मी बागायतदाराची नात. मला पहिल्यांदा कळवळा आला तो मालकांचाच. आणि लिचीवाल्याची अडचण आमच्यापेक्षा खरोखर मोठी आहे, हेही तिथेच डोक्यात आलं. हापूस आपण झाडावर पिकू देतच नाही. तयार झाला की झेल्याने उतरवायचा आणि अढीत घालायचा. तो पिकतो माणसाच्या घरात, पेंढ्यात, दार लावून. वाघळाच्या वाट्याला येतात ते रायवळ, चुकलेले पाडाचे आंबे, काजूची बोंडं, चिकू. लिचीचं तसं नाही. ती झाडावरून उतरवली की पिकायची थांबते. कच्ची काढली तर कच्चीच राहते. म्हणून ती झाडावरच लाल व्हावी लागते, घोसच्या घोस, उघड्यावर, नाताळच्या बाजाराची वाट बघत. वास सुटलेला, रंग आलेला, आणि रात्र अख्खी पडलेली. हे झाड म्हणजे जेवणाचं आमंत्रणच, आणि यजमान मात्र आमंत्रितांवर चिडलेले.

जाळी घालता येते. सरकार तिला अनुदानही देतं. पण परसातली जुनी झाडं दोन मजली उंच असतात, त्यांना जाळी कोण आणि कशी घालणार? झाड छाटून बुटकं ठेवलं तर जमतं, पण आजोबांनी लावलेल्या झाडाची मान कापायला कुणाचा हात उठत नाही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी भाची मला ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेली. वरच्या कठड्यावरून खोल हिरवी दरी दिसते, लांब धबधबा, आणि दुपारचे चार वाजले असतानाही दरीवरून वाघळं तरंगत होती. मी आयुष्यभर वाघूळ रात्रीच पाहिलेलं. दिवसाउजेडी, आणि तेही वरून, पाठीकडून, पहिल्यांदाच पाहत होते. पंख दोन-अडीच फूट रुंद, काळपट; मानेभोवती उन्हात चमकणारी तांबूस-सोनेरी लोकर. कावळ्यासारखं फडफडणं नाही, संथ, मोठं वल्हवणं. या जातीचं शास्त्रीय नाव टेरोपस नायगर, म्हणजे काळी.

दुर्बिणीतून पलीकडच्या उतारावरची एक वस्ती दिसली. दिवसभर झोपतात हा माझा समज तिथेच गेला. कुणी पंखाने वारा घेतंय, कुणी बोटं चाटतंय. ते पंख म्हणजे हातच, लांबच लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट. पायांच्या शिरांना अशी काही खीळ असते की लटकायला जोर लावावा लागत नाही, उलट सुटायला लागतो. एकाला लघवी लागली तर ते चक्क सुलट झालं, दोन्ही अंगठ्यांनी फांदी धरली, काम उरकलं आणि परत उलटं. इतकी स्वच्छता मी कित्येक रेल्वे स्थानकांवर पाहिलेली नाही.

हे मोठे फळखाऊ आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढत नाहीत. ते कसब त्यांच्या छोट्या, किडे खाणाऱ्या भावंडांचं. यांचा भरवसा डोळ्यांवर आणि नाकावर. म्हणून चेहरा कुत्र्याच्या पिल्लासारखा, डोळे टपोरे. फळ तोंडात घेतलं की टाळूवरच्या आडव्या वळ्यांवर जिभेने दाबून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा. पोटात गेलेलंही फार वेळ थांबत नाही, अर्ध्या तासात बाहेर. उडणाऱ्याला ओझं परवडत नाही. पिल्लू वर्षाला एकच. उंदरासारखी वीण असती तर बंदुकांचं गणित वेगळं झालं असतं.

पण त्या दिवशी मला खरी गंमत वाटली ती झाडांची. वाटेवर पाट्या होत्या. एक झाड पानांवरून ओळखीचं वाटलं, पाहते तर जांभळाच्या कुळातलं. पुढे बकुळीचं भावंड. मग एबनी, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या गणातलं. हेच काळं लाकूड तोडायला डचांनी सतराव्या शतकात इथे तळ ठोकला होता. आणि ताकामाका म्हणतात ते झाड तर उंडीच्या गणातलं. उंडी म्हटल्यावर मी थबकलेच. आमच्याकडे किनाऱ्याला उंडी असते. गर खाऊन वाघळांनी टाकलेल्या तिच्या बिया बायका वेचून आणायच्या आणि त्यांचं कडू तेल काढायच्या. दिव्याला, दुखऱ्या सांध्याला, होडीच्या फळ्यांना. म्हणजे चिकूखाली जे वाघूळ चोर, ते उंडीखाली गडी. बिनपगारी. आमच्या घरात या दोन गोष्टी कधी कुणी एकत्र बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही.

या झाडांचं बी पूर्वी कोण नेत असे? डोडो, प्रचंड कासवं, मोठ्या चोचीचा एक पोपट. सगळे गेले. त्या बेटावर माणूस येण्याआधी जमिनीवर चार पायांचा एकही सस्तन प्राणी नव्हता. सस्तन म्हणजे फक्त वाघळं, कारण समुद्र ओलांडायला पंख लागतात. आता मोठं बी उचलून दूर नेईल असं एवढं एकच बिऱ्हाड उरलंय. आणि चांगलं जुनं जंगल बेटाच्या दोन टक्केही नाही.

नेण्याचीही एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत मजेदार. वाघळं बी दूर नेतात ती शहाणपणाने नाही, भांडणाने. फळाच्या झाडावर आधी आलेली आपापली फांदी अडवून बसतात. मागून येणाऱ्याला हुसकावलं जातं. तो जाता जाता एक फळ हिसकतो आणि दुसऱ्या झाडावर जाऊन निवांत खातो. बी तिथे पडतं. किम मॅकॉन्की आणि डोनाल्ड ड्रेक यांनी पॅसिफिकमधल्या टोंगा देशातल्या वावाऊ बेटांवर हे मोजलं आणि २००६ साली मांडलं: वाघळांची संख्या एका मर्यादेखाली गेली की भांडणं थांबतात. प्रत्येकाला पुरेशी जागा. मग जो तो झाडावरच खातो आणि बी आईच्याच पायाशी पडतं. वाघळं आहेत, दिसतात, मोजताही येतात. जंगल लावायचं काम मात्र कधीच बंद पडलेलं. ती दुर्मीळ व्हायच्या पुष्कळ आधी.

हे वाचलेलं मला त्या कठड्यावर आठवलं. रात्री जो कालवा ऐकून मी भिंतीवर हात आपटला होता, ती पेरणी चालली होती.

टेरोपस या गणाला बेटांचं वेड आहे. साठेक जाती, आणि त्यातल्या बहुसंख्य कुठल्या ना कुठल्या बेटावर. मादागास्कर, कोमोरोस, सेशेल्स, अंदमान-निकोबार, तिथून पार पॅसिफिकमधल्या कुक बेटांपर्यंत. पेंबा बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथे यांची स्वतंत्र जात आहे, पण समोरच्या आफ्रिकेच्या भूमीवर एकही नाही. कारण ती आली पूर्वेकडून, आशियाच्या बाजूने, बेट बेट करत. आपल्या वडावर लटकणारी मोठी वाघळं यांचे जवळचे नातलग. कोमोरोसच्या दोन बेटांवर राहणारं काळंभोर लिव्हिंगस्टन वाघूळ पंख पसरलं की साडेचार फुटांच्या पुढे. सामोआमधलं एक भर दुपारी घारीसारखं घिरट्या घालतं. ग्वाम बेटावरचं एक छोटं १९६८नंतर कुणी पाहिलेलं नाही. बेटावर जन्मलेल्याला पळून जायला जागा नसते. एक चक्रीवादळ फळं, पानं, बसायच्या फांद्या सगळं एका रात्रीत नेतं आणि वाचलेली वाघळं दिवसाढवळ्या जमिनीजवळ अन्न शोधत फिरतात, शिकाऱ्याच्या हाताला लागतील अशी. सेशेल्समध्ये तर वाघळाचं कालवण हा जुना पदार्थ आहे. मला विचाराल तर खाणाऱ्याचा मला राग येत नाही. तो निदान मोजून मारतो.

मॉरिशसच्या या द्वीपसमूहातच पूर्वी तीन जाती होत्या. सर्वांत लहान जी, ती जुन्या झाडांच्या ढोलीत शेकड्यांनी दाटीवाटीने राहायची. ढोलीची झाडं गेली, आणि एकोणिसाव्या शतकात तीही गेली. आता संग्रहालयात काही कातडी आहेत. तिसरी, सोनेरी, ती साडेपाचशे किलोमीटर पूर्वेच्या रॉड्रिग्ज बेटावर. १९७०च्या दशकात जंगलतोड आणि वादळं मिळून ती शंभराच्या आत आली होती. १९७६ साली प्राण्यांवर लिहिणारे इंग्रज लेखक जेराल्ड ड्युरेल तिथे गेले, त्यातली काही पकडून जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेली आणि तिथे ती वाढवली. रॉड्रिग्जवर झाडं लावली, शाळाशाळांतून पोरांना सांगितलं. आज तिथे ती हजारोंनी आहेत. मोठी काळी मात्र शेजारच्या रियुनियन बेटावरून दोनशे वर्षांपूर्वीच संपली होती; अलीकडे तिथे पुन्हा थोडी दिसू लागली आहेत. मॉरिशसहून, पावणेदोनशे किलोमीटर समुद्र ओलांडून. बंदुकीला कंटाळून गेली असतील असं म्हणायचा मोह होतो, पण त्यांचं जाणं कत्तलींच्या आधीचं आहे.

परत येताना गाडीत आम्ही यादी करत बसलो. ऊस १६३९ साली डचांनी बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, आणला. लिची चीनकडची, आंबा आपल्याकडचा. दोन्ही पुढे फ्रेंचांच्या काळात आले. साळुंकी १७६२ साली भारतातून मुद्दाम आणली, टोळ खायला. टोळ खाऊन झाल्यावर ती फळांकडे वळली. लाल गालाचा बुलबुल १८९२चा. आपला कंठीवाला राघूही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. हे तिघेही लिची टोचतात, दिवसा, सगळ्यांदेखत, आणि नाव होतं वाघळाचं. मग माणसं: १८३४च्या नोव्हेंबरपासून गिरमिटियांच्या बोटी. भाची २०१९ची, विमानाने. मी चार दिवसांची. त्या अंगणात जन्माने तिथलं असं कोण, तर ज्याच्यावर मालक ओरडत होते ते.

हे मी घरी येऊन मालकांना सांगितलं नाही. कुणाच्या तीन-चार पिढ्या ज्या मातीत गेल्या, त्याला ‘तुम्ही पाहुणे’ म्हणायला मी कोण? आणि माझ्या घरी तरी काय होतं. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून. कुणीही मारावं. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, म्हणजे आजोबांच्या सबंध हयातीत कायदा त्यांच्याकडे बंदूक देत होता आणि त्यांनी डबा वाजवण्यावर भागवलं. दयेपोटी असं मी म्हणणार नाही. काडतुसं महाग होती.

निघायच्या आदल्या दिवशी मालकांनी शिडी लावून लिचीच्या खालच्या फांद्यांना जाळी घातली. भाचीने आणि मी टोकं धरली. जाळी ताणून बसवली, सैल असली तर वाघळं तिच्यात गुंतून मरतात. ते त्यांनीच सांगितलं. शेंड्यापर्यंत शिडी पोचत नव्हती. वरचे आठ-दहा घोस तसेच राहिले, लालभडक. मालकांनी थोडा वेळ वर पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि शिडी उचलून आत नेली.

रात्री मी जागीच होते. अकराच्या सुमारास घोंगडी झटकली गेली. मग चिरकणं, हिसकाहिसकी, टप टप. खालच्या मजल्यावर एक खिडकी करकरली. आजींनी टाळी वाजवली. दोनदा, अगदी हलकी, घरातलं कुणी उठणार नाही अशी. शेंड्यातून तीन-चार उठली, छपरावरून एक फेरी मारली, परत येऊन बसली. थोड्या वेळाने आजींनी पुन्हा टाळी वाजवली.